सिस्टर ठीक आहेत

सिस्टरांना त्यांच्या इमारतीत कुणी नावाने हाक मारत नाही. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांपासून दूध टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या सिस्टरच. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तोही त्यांना सिस्टर म्हणायला लागला. त्याला ती थट्टा वाटायची. सिस्टरांना वाटायची नाही. दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्यांचे नवरे या कुशीवरून त्या कुशीवर करायचे आणि घरी येऊन आपला करायचा, यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, सिस्टर, आता जरा स्वतःकडे बघा. त्यांनी बघितलं. एक दमलेली बाई दिसली. तिला त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, आता बस.

हा थकवा झोपेने जाणारा नव्हता, तो हाडांत मुरला होता. सिस्टर उठायच्या, चहा करायच्या, कप विसळायच्या, आणि तेवढ्यानेच अख्खा वॉर्ड आवरल्यासारखं वाटून पुन्हा खुर्चीत यायच्या. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार सायकली उलट्या करून चाकं फिरवून बघायचा आणि सिस्टर ती चाकं थांबेपर्यंत बघत राहायच्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि मधे एक अरुंद पॅसेज. पण या घरात कुणी बेल वाजवत नव्हतं, कुणी पाणी मागत नव्हतं, कुणाची सलाइन संपत नव्हती. त्या जिथे आहेत तिथे एकही पेशंट नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हे घर सोडायचं म्हटलं की त्या खुर्चीचे हात घट्ट धरायच्या.

नोकरीत त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. डॉक्टरसुद्धा वॉर्डात शिरताना बूट पुसून यायचे. शिकाऊ पोरींना, म्हणजे हॉस्पिटलच्या भाषेत ‘स्टुडंट’ना, त्या पहिल्या दिवशी सांगायच्या, की ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या पेशंटवर विश्वास ठेवायचा नाही. जो ओरडतो त्याचं काय दुखतंय ते कळतं तरी. जो ठीक आहे म्हणतो तो एक तर सिस्टरला त्रास नको म्हणून म्हणतो, नाही तर घरी जायची घाई असते म्हणून. तेव्हा विचारून पुढे जायचं नाही. चादर उचलून बघायचं. सिस्टरांनी किती चादरी उचलल्या असतील त्याला गणती नाही, आणि चादरीखाली काय काय निघालं ते जेवताना सांगण्यासारखं नाही.

दुसरी कडक गोष्ट म्हणजे चार्ज. ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेपाशी जायचं, कोण आहे, काय झालंय, काय दिलंय, कशावर लक्ष ठेवायचंय ते सगळं सांगायचं. ती ऐकणार, विचारणार, आणि शेवटी म्हणणार, ‘चार्ज घेतला सिस्टर, तुम्ही निघा.’ ते शब्द कानावर पडेपर्यंत वॉर्ड सोडायचा नाही, मग पाय तुटेनात का. बदलीची सिस्टर आलीच नाही तर पुढची ड्यूटीही आपलीच. आणि चार्ज देताना काही लपवायचं नाही. एकदा एका पोरीने घरी जायच्या घाईत एका म्हातारीचा ताप सांगितला नाही, तेव्हा सिस्टरांनी तिला फाटकातून परत बोलावलं होतं. ‘तू दमलीस ते मला दिसतंय,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘पण मी काय आंधळेपणाने रात्र काढू?’

सिस्टरांची लेक हे सगळं व्हरांड्यातल्या बाकावर बसून ऐकायची. शाळा सुटली की ती हॉस्पिटलात यायची, बाकावर अभ्यास करायची आणि आई कधी सुटते याची वाट बघायची. आई एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे सरकताना दिसायची आणि मग ते शब्द ऐकू यायचे. ‘चार्ज घेतला’ ऐकलं की ही दप्तर भरायला घ्यायची. बाहुल्यांशी खेळतानाही ती बाहुल्यांचा चार्ज द्यायची. एका बाहुलीला कायम जुलाब असायचे.

आता लेक दुसऱ्या शहरात विमा कंपनीत नोकरी करते. एकटीच राहते, गाडीने यायचं तर अर्धा दिवस जातो. वडील गेल्यापासून तिने आईच्या मागे धोशा लावला होता, की माझ्याकडे चल. तिच्याकडे एक जादा खोली होती, तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल होती. सिस्टर एकदा त्या खोलीत राहून आल्या आणि म्हणाल्या, मी काय सायकलवर झोपू? लेकीने सायकल हलवायची तयारी दाखवली. सिस्टरांनी नाही दाखवली. शेवटी पुष्कळ रुसवेफुगवे होऊन तडजोड निघाली ती यंत्रांची.

यंत्रं बसवायला आलेला माणूस दिवसभर शिडीवर होता. पॅसेजमध्ये आणि खोल्यांत छताच्या कोपऱ्यात पांढऱ्या डब्या लागल्या. समोर कुणी हललं की डबीतला लाल डोळा लुकलुकायचा. गादीखाली एक पट्टी गेली, ती झोप मोजायची. शेगडीला एक बटण बसलं, ते सिस्टर दूध विसरल्या तर गॅस बंद करायचं. गोळ्यांचा डबा आला, तो वेळ झाली की बोंब मारायचा आणि उघडेपर्यंत गप्प बसायचा नाही. गळ्यात घालायला एक लोलक आला, माणूस आपटला तर त्याला धक्का कळायचा आणि दाबला तर लेकीला फोन जायचा. आणि कपाटावर एक गोल बोलकी वस्तू बसली, तिच्यातून लेकीचा फोनही यायचा. ती गोड आवाजात रोज सकाळी विचारायची, ‘नमस्कार, आज कसं वाटतंय? सगळं ठीक आहे ना?’ ठीक आहे म्हटलं की लेकीच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा. उत्तर आलं नाही तर पिवळा, आणि काही भलतंच झालं तर लाल.

सिस्टरांनी त्या गोल वस्तूचं नाव ठेवलं स्टुडंट. ‘काम काडीचं नाही आणि प्रश्न फार,’ त्या मास्तरांना म्हणाल्या. ‘विचारते आणि मी जे सांगेन ते खरं धरून मोकळी होते. माझ्या हाताखाली असती तर आठवडा टिकली नसती.’

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. दुपारी पत्ते खेळायला त्यांना सिस्टर लागायच्या आणि सिस्टरांच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. ते म्हणाले, ‘पण निदान कुणीतरी तुमची विचारपूस करतंय.’

‘विचारपूस कसली. हजेरी आहे ती,’ सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पान टाकलं.

खरं सांगायचं तर त्या यंत्रांनी सिस्टरांना पुन्हा ड्यूटीवर घेतलं होतं. सकाळी उत्तर द्या. डबा उघडा. लोलक रात्री चार्जिंगला लावा. खुर्चीत फार वेळ बसलं की स्टुडंट म्हणणार, जरा चालून येता का? म्हातारपणी एकटं राहता यावं म्हणून ही सगळी सोय, आणि आपण ठीक आहोत हे दिवसभर सिद्ध करण्यातच सिस्टरांचा जीव मेटाकुटीला यायचा. पण त्या तक्रार करायच्या नाहीत. यंत्रं आहेत तोवर घर आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

त्यात दोनदा घोटाळा झाला. एकदा आंघोळीच्या वेळी खुंटीला अडकवलेला लोलक खाली आपटला. लोलकाला वाटलं सिस्टरच आपटल्या. सिस्टर टॉवेल गुंडाळून बाहेर येतात तो दारात लेकीने पाठवलेली रुग्णवाहिकेची माणसं, आणि त्यांच्यामागे जिन्यात सगळी इमारत. दुसऱ्यांदा त्या लोलक घरी ठेवून मास्तरांकडे पत्ते खेळायला गेल्या आणि डाव रात्रीपर्यंत रंगला. घरात हालचाल नाही, हाकेला उत्तर नाही. मास्तर नेमके फोन शेजारच्या खोलीत ठेवून बसलेले. लेक ऑफिसातली बैठक सोडून निघाली ती थेट अर्ध्या दिवसाचा प्रवास करून मास्तरांच्या दारात उभी राहिली. सिस्टरांच्या हातात तेव्हा चांगली पानं होती.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. चपला न काढता ती मास्तरांच्या कोचावर बसली आणि डोळे मिटून म्हणाली, ‘आई, आता पुन्हा लाल ठिपका आला ना, तर मी येईन ती तुला घेऊन जायलाच. मला हे झेपत नाही गं.’

‘बरं,’ सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून लोलक दिवसा गळ्यातून निघाला नाही आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर कधी चुकलं नाही. कसंही वाटत असलं तरी उत्तर एकच.

आणि एका सकाळी, चहाला जाताना, पॅसेजमध्ये सिस्टरांच्या उजव्या मांडीच्या वर काहीतरी कट्कन झालं.

त्या पडल्या नाहीत. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. दुसरं कुणी असतं तर धाडकन आदळलं असतं, लोलकाला धक्का बसला असता, आणि लेकीला लाल ठिपका गेला असता. पण सिस्टरांनी जन्मभर पेशंटकडून एक गोष्ट घोकून घेतली होती, की तोल गेला तर हवेत हात मारू नका. भिंत गाठा, पाठ टेका आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसा. पडायचं नाही, बसायचं. मेंदूने विचार करायच्या आत अंगाने तेच केलं. पाठ भिंतीला घासत सिस्टर खाली आल्या, इतक्या सावकाश की लोलकाला वाटलं, बाई बसल्या.

बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपल्या पायाकडे बघितलं. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. हे पाऊल त्यांच्या ओळखीचं होतं. अशी पावलं घेऊन आलेल्या किती म्हाताऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. खुब्याचं हाड. म्हातारपणी ते कधीकधी आधी मोडतं आणि माणूस नंतर पडतो. त्या म्हाताऱ्यांतल्या पुष्कळशा नंतर चालायच्या, काठी घेऊन, घरातल्या घरात. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर मात्र त्यांतली कुणी परत गेल्याचं सिस्टरांना आठवेना.

लोलक छातीवर होता. हात वर करायचा आणि दाबायचा, एवढंच काम. सिस्टरांनी हात वर केला नाही.

‘नमस्कार,’ स्टुडंट कपाटावरून म्हणाली. ‘आज कसं वाटतंय? सगळं ठीक आहे ना?’

‘ठीक आहे,’ सिस्टर जमिनीवरून म्हणाल्या.

‘छान. तुमचा दिवस आनंदात जावो.’

हललं नाही तर दुखणं सोसण्यासारखं होतं. फरशी गार होती. सिस्टर मनात म्हणाल्या, जरा बसते, मग बघू. काय बघणार होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. छताच्या कोपऱ्यातली डबी त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ काही हललं नाही तर ती लेकीला कळवणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्या डावा हात वर करायच्या, हलवायच्या आणि खाली घ्यायच्या. लाल डोळा लुकलुकायचा. तिकडे लेकीच्या फोनवर आई घरात फिरत होती.

खिडकीखाली सायकलवाल्याने दुकान उघडल्याचा आवाज आला. खुर्ची दारातून अर्धी दिसत होती. उन्हाचा पट्टा खुर्चीच्या एका हातावर आला होता. तिथे जाऊन बसायचं, एवढी एकच गोष्ट सिस्टरांना हवी होती, आणि ती सात समुद्रांपलीकडे असावी इतकी लांब होती. त्यांना रडू आलं. पण रडताना अंग हलतं आणि अंग हललं की कळ येते, म्हणून त्यांनी तेही आवरलं.

मग स्वयंपाकघरात गोळ्यांचा डबा बोंबलायला लागला.

त्याचा सिस्टरांना विसर पडला होता. डबा उघडायला हात पोचणार नव्हता आणि डबा उघडल्याशिवाय गप्प बसणार नव्हता. थोड्या वेळाने कपाटावरच्या वस्तूतून लेकीचा आवाज आला.

‘आई, गोळी राहिली का?’

‘घेते गं.’

‘डबा वाजतोय तो. ऐकू येत नाही तुला?’

‘कामात होते.’

‘कसलं काम?’

‘अगं, घरात काय कामं नसतात का?’

मागे ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी तिला बोलावत होतं. ‘आले, दोन मिनिटं,’ ती त्या कुणाला तरी म्हणाली. मग सिस्टरांना म्हणाली, ‘बरी आहेस ना? नक्की?’

‘ठीक आहे.’

‘बरं. बरं झालं. रात्री एकदा तुझी गादीची पट्टी पिवळी झाली होती, तेव्हापासून मी जागीच आहे. मग झाली परत हिरवी. घे गोळी. ठेवते.’

फोन बंद झाला. डबा ओरडतच होता. सिस्टर मात्र वेगळंच ऐकत होत्या.

लेकीचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, पावलासारखाच. बदलीची सिस्टर न आल्यामुळे जी पुढच्या ड्यूटीलाही उभी राहते तिचा आवाज असा येतो. शब्द बरोबर असतात, पण त्यांना पाठीमागून कुणीतरी ढकलत असतं. लेक झोपताना फोन उशाशी घेते, बैठकीत टेबलाखाली धरून बघते, हे सिस्टरांना माहीत होतं. पण ती ड्यूटी आहे, आणि तिची बदली करणारं कुणीच नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. आपल्याला हजेरी द्यावी लागते म्हणून आपण कुरकुरत होतो. ती तर रात्रंदिवस वॉर्डात उभी होती.

आणि तिला आपण काय सांगितलं? ठीक आहे. ज्या पोरीला ताप लपवला म्हणून फाटकातून परत बोलावलं होतं, तिने निदान फक्त ताप लपवला होता.

सिस्टरांना स्वतःचा भयंकर राग आला. रागाने त्यांना जरा बळ दिलं. त्या घसा खाकरून म्हणाल्या, ‘स्टुडंट.’ स्टुडंटला हे आपलं नाव आहे हे माहीत नव्हतं. मग यंत्रं बसवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं त्या नावाने त्यांनी तिला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘लेकीला फोन लाव.’

लेकीने लगेच उचलला. ‘काय गं? घेतलीस गोळी?’

आई म्हणून काय बोलायचं ते सिस्टरांना सुचेना. अगं, मला लागलंय, असं त्या जन्मात कुणाला म्हणाल्या नव्हत्या. ते शब्द त्यांच्या तोंडात बसतच नव्हते. तेव्हा त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले, आणि ज्या आवाजात खाटेपाशी उभं राहून बोलायच्या त्या आवाजात सुरुवात केली.

‘स्त्री पेशंट. वय तुला माहीत आहे. सकाळपासून पॅसेजमध्ये जमिनीवर आहे.’

पलीकडे ऑफिसातले आवाज येतच होते.

‘उजवा पाय आखूड झालाय, पाऊल बाहेर वळलंय. खुबा मोडलाय, यात शंका नाही. पाय हलवलेला नाही. डोक्याला मार नाही. गोळ्या दिलेल्या नाहीत. चहाही पोटात नाही, तो देऊ नका, ऑपरेशन लागेल.’

‘शुद्ध?’ लेकीने विचारलं. प्रश्न बरोबर क्रमाने आला होता.

‘पूर्ण शुद्धीत. पण पेशंटच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. विचारलं की ठीक आहे म्हणते.’

‘दुखतंय?’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘फार दुखतंय. आणि पेशंटला घर सोडायचं नाहीये. त्यासाठी ती खोटं बोलली. यावर लक्ष ठेवावं लागेल. बास, एवढंच आहे.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग दार, मग ऑफिसातले आवाज बंद पडले. लेक जिन्यात आली असावी. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. सिस्टर वाट बघत राहिल्या. त्या इतक्या दमल्या होत्या की आता लेक ओरडली असती तरी चाललं असतं, घर राहिलं काय आणि गेलं काय.

‘मास्तरांना किल्ली घेऊन वर पाठवते,’ लेक म्हणाली. ‘रुग्णवाहिका सांगते. मी निघालेच आहे. तू पाय हलवू नकोस.’ मग लहानपणी बाकावर बसून रोज ऐकलेले शब्द ती म्हणाली, ‘चार्ज घेतला सिस्टर. तुम्ही निघा.’

सिस्टरांनी एवढ्या वर्षांत हे शब्द शेकडो वेळा ऐकले होते आणि दर वेळी पर्स उचलून निघाल्या होत्या. आज निघायला पाय नव्हता. तरीही खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि उतरता उतरता हे घरही आपल्याबरोबर घेऊन चाललंय हे त्यांना कळलं. त्यांनी खुर्चीकडे एकदा बघून घेतलं. ऊन आता खुर्चीच्या पाठीवर गेलं होतं. खाली कुठलं तरी चाक फिरत होतं.

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. लाल डोळा विझला. डबा ओरडतच होता. जिन्यात मास्तरांच्या चपलांचा आवाज यायला लागला, एकेका पायरीवर दम खात.

‘बराच वेळ हालचाल दिसली नाही,’ स्टुडंट कपाटावरून म्हणाली. ‘सगळं ठीक आहे ना?’

‘नाही,’ सिस्टर म्हणाल्या.